अल्पशा आजाराने

भडगाव,
१० मार्च २०२५

चि. सौ. मोहिनी हिस,
लतावहिनीचे अ. उ. आशीर्वाद.

रूपाची गोधडी धुऊन ओट्यावरच्या दोरीवर टाकली. नळावर दोन खेपा केल्या. कळण्याचं पीठ परातीत काढलं, मध्येच उठून तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, परत येऊन भाकरी थापली. पहिली भाकरी तिची, पातळ, कारण जाड तिला गिळवत नव्हती. मग शेजारच्या तानुबाईकडून एक लिंबू मागून आणलं. २००५ च्या मे महिन्यातली ती सकाळ. तुझं पत्र आल्यापासून मी ती पुन्हा पुन्हा करते आहे. एकही काम मी सोडलं नव्हतं, मोहिनी. गोळी देणं तेवढं त्यात नव्हतं, कारण गोळीच नव्हती. संध्याकाळी माझी रूपा गेली. सहा वर्षांची होती. तिचे वडील, तुझे भाऊ, त्याआधी दोन वर्षं गेले होते, त्याच दुखण्याने. सरकारी गोळ्या माझ्या हातात पडल्या त्या हे दोघं गेल्यावर. म्हणून मी राहिले.

आता तुझ्या पत्राकडे येते. तू लिहितेस की तुझ्या सुनेला चौथ्या महिन्यात सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे सगळ्या गरोदर बायांचं तपासतात तसं सारिकाचंही रक्त तपासलं, आणि त्यात एचआयव्ही निघाला. त्याच आठवड्यात गोळ्या सुरू झाल्या, रोज एक. त्याला सहा आठवडे झाले. आणि तू मला विचारतेस की बाळंत होईपर्यंत त्या बंद ठेवल्या तर चालेल का, कारण गल्लीतली कोणी म्हणाली की गर्भाला उष्ण पडतात.

नाही चालणार. एक दिवससुद्धा नाही. त्या गोळीमुळे सारिका राहील आणि त्याच गोळीमुळे बाळाला ते दुखणं लागण्याची भीती अगदी थोडी उरेल. गल्लीतल्या त्या बाईला उष्ण काय आणि थंड काय ते पापडाच्या पिठातलं कळत असेल. मला इथल्या एचआयव्हीच्या सेंटरच्या डॉक्टरीणबाईंनी नीट बसवून सांगितलं आहे, आणि मी वाचलंही आहे.

दुसरं असं, की तू सारिकाबद्दल दोन पानं लिहिलीस आणि भूपेंद्रबद्दल एक ओळ नाही. त्याचं रक्त का तपासलं नाही? तो त्याच घरात राहतो ना? मुलगा तुझा आहे म्हणून त्याचं रक्त वेगळ्या नळाने येतं का?

सारिकाचा ग्लास वेगळा केला असशील तर आजच मांडणीत परत ठेव. तू माझ्या ग्लासाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होतास, मला आठवतो. रंग चांगला होता.

हे सगळं फोनवर बोलले असते, पण तू स्पीकर लावून बोलतेस आणि पांझरेच्या दोन्ही काठांना ऐकू जातं. म्हणून पत्रच लिहीत जा.

योगराजरावांना नमस्कार. माझ्यावरचा लोभ कमी करायचा असेल तर कर, सारिकाची गोळी कमी करू नकोस.

तुझी,
लतावहिनी


देवपूर, धुळे,
१९ मार्च २०२५

ती. स्व. लतावहिनींस,
मोहिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी देवघरात बसून वाचलं, कारण तिथे बसलं की कोणी हाक मारत नाही. तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले, पण तिसऱ्यांदा थोडा रागही आला. ग्लासाची गोष्ट तुम्ही अजून धरून आहात. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, लोक सांगतील ते ऐकायचे. सारिकाचा ग्लास मी वेगळा केलेला नाही. ताट तेवढं ती स्वतः घासते. ते मी सांगितलं नाही, तिचं तीच करायला लागली. मी नको म्हटलं नाही, एवढा माझा दोष.

भूपेंद्रला मी विचारलं. आईने मुलाला असं विचारायचं म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगत बसत नाही. तो म्हणाला की त्याला साधा तापही दोन वर्षांत आलेला नाही, सकाळी मैदानावर व्हॉलीबॉल खेळतो, वजन ब्याऐंशी किलो आहे. मग म्हणाला की दवाखान्यातला निम्मा माल त्याच्याच ट्रान्सपोर्टने जातो, तिथले सगळे त्याला नावाने ओळखतात, तिथे जाऊन तो बोट पुढे करणार नाही. ताट तसंच ठेवून उठला. त्या दिवसापासून घरात कोणी कोणाशी सरळ बोलत नाही. योगराजराव तर बातम्यांचा आवाज वाढवून बसतात.

माझ्या मनात कधी येतं की ती माहेराहूनच घेऊन आली असेल. मग माझीच मला लाज वाटते, कारण पोरगी चांगली आहे. पण मनात येतं, ते तुमच्यापासून कशाला लपवू?

आणि वहिनी, रागावू नका, पण एक सांगते. तुम्ही समजता तेवढं ते आता राहिलेलं नाही. पूर्वी आठवड्याला एकदा तरी कोणाच्या तरी दारावर, सांत्वनाला, जावं लागायचं. मला आठवतं, एका उन्हाळ्यात भाऊंच्या बरोबरीचे पाच ड्रायव्हर गेले, दारावर बसून बसून माझं लुगडं मळायचं. आता जातो का कोणी तसा? मी तरी ऐकलेलं नाही. देवीचा रोग जसा निघून गेला तसा हाही उतरला असणार. तुम्हीच बघा ना. तुमच्या वयाच्या बायका गुडघे धरून बसल्या आहेत आणि तुम्ही वाचनालयाच्या नोकरीत शिडी चढता. रोगात जोर असता तर तुम्ही शिडी चढला असता का? मग त्या पोरीच्या पोटात रोज ते औषध कशाला?

चार दिवस झाले, गोळी मी माझ्याकडे ठेवली आहे. बाळाचं बघून ठरवू.

मी आई आहे, आता आजी होणार. माझंही कोणी ऐकावं. राग आला तरी लोभ सोडू नका, हे दरवेळी लिहिते तसंच याही वेळी.

तुमची,
मोहिनी


भडगाव,
२३ मार्च २०२५

चि. सौ. मोहिनी हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी वाचनालय झाडलं, मग आवार झाडलं, मग समोरचा रस्ता झाडला. राग उतरेल असं वाटलं होतं. उतरला नाही. रस्ता तेवढा स्वच्छ झाला.

चार दिवस गोळी तुझ्याकडे. हे पत्र पोचेपर्यंत दहा-अकरा होतील. पत्र हातात आलं की पुढचं वाचायच्या आधी उठ आणि बाटली सारिकाच्या हातात दे. मी थांबते.

दिलीस ना? आता वाच.

तुला माहीत आहे, मी दुसरीतून शाळा सोडली. तुझे भाऊ गेले तेव्हा त्यांच्या गंधमुक्तीची, उत्तरकार्याची, कार्डं छापून आली, पाचशे. मला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. चुलत दिरांनी वाचून दाखवलं, की अल्पशा आजाराने दुःखद निधन. मी पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच वाचलं. दोन वर्षं मी त्या माणसाला उचलून अंघोळ घातली होती, मोहिनी. ट्रक चालवणारा माणूस, माझ्या काखेत मावेल एवढा झाला होता. कधीही विचारलं तर बठ्ठं बरोबर शे, सगळं ठीक आहे, म्हणायचा. आणि छापणाऱ्याने त्याला अल्पशा म्हटलं. त्या दिवशी मी ठरवलं की आता दुसऱ्याने वाचून दाखवलेलं चालणार नाही. त्याच कार्डावर बोट ठेवून मी वाचायला शिकले. पहिला धडा माझा तोच.

असलं कार्ड वाचून झालं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, ही आपली रीत. मी घरात ठेवली नाहीत. ओट्यावरच्या कोनाड्यात, पत्र्याच्या डब्यात ठेवली. बाईला वेड लागलं असं तानुबाई म्हणायची. तेव्हापासून आलेलं एकही कार्ड मी फाडलेलं नाही. भाऊबंद, सोयरे, आजूबाजूची गावं, सगळी आहेत. तुझं पत्र आल्यावर काल दुपारी मी ती सगळी अंथरून बसले.

पहिल्या पाच वर्षांत ज्यांचं वय चाळिशीच्या आत, अशी कार्डं सव्वीस. त्यातल्या एकोणीस जणांना अल्पशा आजार. बत्तीस वर्षं, एकोणतीस वर्षं, पस्तीस वर्षं, खाली शोकाकुल म्हणून बापाचं नाव. मग गोळ्या आल्या. लगेच नाही, हळूहळू. आधी लोक लांबच्या गावी जाऊन, तोंड बांधून आणायचे. मग जवळ मिळायला लागल्या, मग दुखणं वाढायची वाट न बघता रक्तात दिसलं की द्यायला लागले. आणि कार्डं विरळ झाली. गेल्या आठ वर्षांत चाळिशीच्या आतली सात. दोन मोटारसायकलची, एक वीज पडून, एक गिरणेच्या डोहात, एक सर्पदंश, एक हृदयाचं. माणसं बदलली का? ट्रक तेच, हायवे तोच, घरची वाट बघणंही तेच. मधे आली ती फक्त ही गोळी.

सातवं कार्ड आमच्या वनाचं. त्याच्यावर अल्पशा आजार आहे. वना माझ्याबरोबर सेंटरला रांगेत असायचा. नऊ वर्षं गोळ्या घेतल्या, दोन म्हशी घेतल्या, मुलीचं लग्न केलं. मग त्याला तुझ्यासारखंच सुचलं. आता मला काही होत नाही, म्हणजे रोग गेला. गोळ्या सोडल्या. चौदा महिन्यांनी कार्ड आलं. त्याची बायको वाचनालयात येऊन मला म्हणाली की तो मरेपर्यंत हेच म्हणत होता, हे दुसरंच काहीतरी आहे.

मोहिनी, रोग कुठेही गेलेला नाही. माझ्या अंगात तो आज आहे, आत्ता हे लिहिताना आहे. गोळी त्याला दाबून ठेवते. सगळ्या देशाचा हिशोब पेपरात आला होता, तो मी दोनदा वाचला. २०१० पासून आजवर या दुखण्याची मरणं इतकी उतरली की तेव्हा पाच मरत असतील तर आता एक. ती चार माणसं गोळीने वाचवली, आणि तू त्याच चार माणसांकडे बोट दाखवून मला सांगतेस की गोळी नको. मी शिडी चढते ती कशाच्या जोरावर, याचा तू एवढा वेळ विचार केलास आणि नेमकं उलटं उत्तर काढलंस. तुला कसं समजवावं ते मला खरंच कळत नाही.

आणि तो पाचवा जो मरतो, तो गोळी नसल्यामुळे नाही मरत बहुतेक. गोळी फळीवर असते. तो भूपेंद्रसारखा व्हॉलीबॉल खेळत असतो. ब्याऐंशी किलोचं काय घेऊन बसलीस, तुझे भाऊ नव्वद होते.

लोभ नसता तर एवढी शाई घालवली नसती.

तुझी,
लतावहिनी


देवपूर, धुळे,
१४ एप्रिल २०२५

ती. स्व. लतावहिनींस,
सा. न. वि. वि.

मधे पत्र नाही, कारण तुमच्या पत्राला उत्तर द्यायला तोंडच ठेवलं नाहीत. बाटली सारिकाला त्याच दिवशी दिली. रोज सकाळी चहानंतर ती माझ्या समोर गोळी घेते, मी बघते. झालं समाधान? सेंटरलाही नेऊन आणलं. तिथल्या बाईंनी खंड का पडला विचारलं तेव्हा सारिकाने स्वतःच विसरले म्हणून सांगितलं. मी मान खाली घालून उभी राहिले. हे तुम्हाला कळलं म्हणजे बरं वाटेल म्हणून लिहिलं.

वनाचं वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. मी भूपेंद्रला ते पान वाचायला दिलं. त्याने वाचलं, घडी घातली आणि मामींना दुसरा उद्योग नाही का असं म्हणून कामावर गेला. घडी मात्र चांगली घातली होती.

अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, जवळ आली. सारिकाची लग्नानंतरची दुसरीच आखाजी, आणि पोटुशी, म्हणून तिला मेहरूणला माहेरी पाठवतोय, सतराला. तिची आई नाही, घर सगळं वहिनी सुलक्षणाच्या हातात. ती बाई आल्या-गेल्याच्या पिशव्या स्वतः उघडून लावून ठेवते, मदत म्हणून. म्हणून सारिकाची बॅग मी माझ्या हाताने भरली आहे. तिच्या माहेरी काही बोभाटा होणार नाही, सगळी काळजी घेतली आहे, तुम्ही त्याची चिंता करू नका. सोबत सांजोऱ्या आणि कुरडया दिल्या आहेत.

तुमच्याकडे या वर्षी भाऊंच्या नावाची आखाजीची घागर कोण भरणार? कोणी नसेल तर मी येऊन जाईन.

लोभाबरोबर तुमच्या लिंबाच्या लोणच्याचीही आठवण असू द्या, मागची बरणी संपली.

तुमची,
मोहिनी


मेहरूण, जळगाव,
२३ एप्रिल २०२५

ती. स्व. मामींस,
सारिकाचा शि. सा. न. वि. वि.

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहीत आहे. अक्षर वाईट आहे, कारण गच्चीवर बसून घाईत लिहिते. तुमच्या शेजारच्या तानुबाई इथे मुलीकडे आल्या होत्या, त्या आज दुपारी भडगावला परत जाताहेत, त्यांच्याजवळ देते. त्यांना वाचता येत नाही हे त्यांनी आपणहून सांगितलं. माझ्या मोबाइलवरचं सगळं बोलणं आपोआप रेकॉर्ड होतं आणि घरातल्या कोणाच्याही हातात तो मोबाइल असतो, म्हणून फोन केला नाही.

मामी, माझ्याजवळ गोळ्या नाहीत. बॅग आईंनी भरली होती. इथे येऊन पाहिलं तर बाटली नाही. कॅल्शियमच्या आहेत, लोहाच्या आहेत, ती नाही. आईंना मी फोन करून आडून विचारलं, तर त्या म्हणाल्या की आखाजीपर्यंत पंधराच दिवसांचा प्रश्न आहे, तिथे वहिनीला सापडली तर दोन्ही घरांची शोभा होईल, परत आलीस की दुप्पट काळजी घेऊ. स्पीकरवर बोलत होत्या, मागे कोणीतरी चहा मागत होतं. मी फोन ठेवला. आज सहावा दिवस आहे.

मी भांडायला हवं होतं हे मला कळतं. पण खरं सांगू का, मी थकले आहे. तीन महिने झाले, त्या घरात दुखणं मला एकटीला आहे. गोळी मी घेते, ताट मी घासते, दवाखान्यात मी बोट पुढे करते, आणि ते रोज सकाळी खेळायला जातात. लग्नाआधी मी कधी कोणाच्या बाजूलाही बसले नव्हते. हे मी कोणाला सांगू? कोणी विचारतच नाही. त्यांनी एकदा रक्त दिलं असतं, निकाल काहीही येवो, तर मला निदान बरोबर कोणी आहे असं वाटलं असतं. बाटली बॅगेत नाही हे पाहिलं तेव्हा, मामी, एक क्षण मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच मला आता भीती वाटते आहे. सातवा लागला आहे. बाळ खूप हलतं.

इथून दवाखान्यात एकटीला जाऊ देत नाहीत. काय करू ते सांगा.

लोभ असू द्या. माझं चुकलं असेल तर तेही सांगा, पण आधी काय करू ते सांगा.

तुमची,
सारिका


भडगाव,
२४ एप्रिल २०२५, संध्याकाळ

चि. सौ. मोहिनी हिस,
आशीर्वाद, ते लिहायचे म्हणून.

काल तानुबाईने सारिकाचं पत्र आणून दिलं. काय झालं ते तुला माहीत आहे, कारण ते तूच केलंस, म्हणून पुन्हा लिहीत नाही. बोभाटा होऊ नये म्हणून तू बॅगेतून बाटली काढलीस, आणि सांजोऱ्या भरल्यास. सांजोऱ्या चांगल्या झाल्या होत्या, मी आज खाल्ल्या.

मी सकाळच्या सहाच्या गाडीने जळगावला गेले. माझ्या बाटलीतल्या गोळ्या तिला देता आल्या असत्या, पण असं परस्पर द्यायचं नसतं, ते मला माहीत आहे. मेहरूणला तिच्या घरी जाऊन सांगितलं की सारिकाची तपासणीची तारीख आहे, मोहिनीने मला पाठवलं. तुझं नाव चांगल्या कामाला वापरलं, वाईट वाटून घेऊ नकोस. तिचे वडील गिरधरभाऊ भला माणूस, लगेच हो म्हणाले. पण ती सुलक्षणा चप्पल घालून तयार. म्हणाली की पोटुशी नणंद, अशा उन्हात म्हाताऱ्या बाईबरोबर एकटी कशी पाठवू, मीही येते. म्हातारी मी, एक्कावन्न वर्षांची.

रिक्षात मी सगळ्या वाटेने विचार केला आणि काही सुचलं नाही. सेंटरच्या दाराशी पोचलो तेव्हा पाटीवर काय लिहिलंय ते सुलक्षणा वाचायला लागली. मग मी तिला खरं तेच सांगितलं, माझ्यापुरतं. म्हटलं, मला बावीस वर्षांपासून एचआयव्ही आहे, नवऱ्याकडून आला, नवरा गेला, मुलगी गेली. सारिकाच्या तपासणीआधी मला इथे जरा काम आहे, तुम्हीही आत या. ती तीन पावलं मागे गेली. म्हणाली की ती तिकडे लिंबाखाली बसते, आमचं आटपलं की हाक मारा. मग सारिकाचा हात धरून मी आत गेले. बाहेरच्यांना वाटलं असेल पोरगी मला सांभाळते आहे.

आत समुपदेशक बाई होत्या, तरुण आहेत, पण बोलायला तिखट. सारिकाच्या मोबाइलमध्ये तिच्या गोळ्यांच्या नोंदीच्या हिरव्या पुस्तकाचा फोटो होता, त्यावरून त्यांनी धुळ्याला फोन लावून सगळी खात्री केली. मग मला सासू समजून बोलायला सुरुवात केली. गोळ्या काढून घेणाऱ्या सासवा त्यांनी पुष्कळ बघितल्या आहेत, नातवंड हवं आणि आईचं औषध नको, असं कसं चालेल, शिकलेल्या दिसता आणि असं करता. पंधरा मिनिटं. सारिका मधे बोलायला गेली, मी तिचा हात दाबला. मोहिनी, तुझ्या वाट्याचं सगळं मी ऐकून घेतलं. शिकलेल्या दिसता म्हणाल्या तेव्हा तर मला हसू येत होतं.

गोळ्या दिल्या, एका महिन्याच्या. पहिली तिथेच घेतली, पाण्याची बाटली माझी. डॉक्टर म्हणाले की दोनदा खंड पडला हे चांगलं झालं नाही, पण अजून वेळ आहे, आता रोज घेतली तर बाळंतपणापर्यंत रोग दाबात येईल. पुढच्या महिन्यात रक्त तपासून बघतील. बाळाला जन्मल्यावर पातळ औषध देतात, तेही लिहून दिलं. तिसऱ्यांदा चुकायला जागा नाही, असंही म्हणाले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले. बाटलीवरचा कागद आम्ही नखाने खरवडून काढला. आता ती लोहाच्या गोळ्यांशेजारी उभी राहील आणि सुलक्षणाने दहा वेळा बॅग लावली तरी तिला काही कळणार नाही. एवढं सोपं होतं. तुला सुचलं नाही, मला विचारायचंही सुचलं नाही.

परत येताना सुलक्षणा रिक्षावाल्याच्या शेजारी पुढे बसली. घरी आम्हाला चहा केला, मला कागदी कपात. मी प्यायले. माझ्याबद्दल आता सगळ्या मेहरूणला कळेल, कळू दे. सारिकाबद्दल कोणाला काही कळलं नाही.

आखाजी तिला तिच्या माहेरीच करू दे. पण त्यानंतर ती देवपूरला येईल ती एकटी दोषी म्हणून येणार नाही. ती पत्रात जे लिहिते ते मी तुला पाठवणार नाही, एवढंच सांगते, की गोळी नाही म्हटल्यावर त्या पोरीला सुटल्यासारखं वाटलं. तू तिची गोळी काढलीस ते एक. पण तिला गोळी नकोशी तुम्ही तिघांनी मिळून केली आहे. भूपेंद्रला तपासायला पाठव. तो तुझं ऐकत नाही असं मला लिहू नकोस, ते मी दोन पत्रांत वाचलं आहे.

तुझ्या भाऊंची घागर मी भरते दरवर्षी, या वर्षीही भरीन. तू आलीस तर बरं वाटेल. बाटली कोठीत ठेवली असशील तर काढ, उन्हाळ्यात फार तापलेल्या जागी ती ठेवायची नसते.

माझा लोभ तुझ्यावर पूर्वीइतकाच आहे, आणि वैताग पूर्वीपेक्षा जास्त.

तुझी,
लतावहिनी

ता. क. (२६ एप्रिल) वरचं पत्र लिहून ठेवलं होतं, पेटीत टाकलं नव्हतं. त्यानंतरचं भूपेंद्रने मला लिहायला सांगितलं, तो स्वतः तुला सांगू शकत नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुळ्याला आले. तुझ्याकडे न येता सरळ त्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात गेले आणि दाराजवळच्या बाकावर बसले. तो फोनवर बोलत राहिला, मग पावत्या फाडत राहिला, मग चहा मागवला, मलाही दिला. मी तो पिऊन तिथेच बसून राहिले. एकच्या सुमारास त्याने ड्रॉवरला कुलूप लावलं आणि चला म्हणाला. त्याच्या गाडीवर मागे बसून मी दवाखान्यात गेले. निकाल अजून यायचा आहे. त्याने रक्त दिलं, तोवर मी त्याचं हेल्मेट धरून बाहेर बसले.